सीमाभागातील बौद्ध अवशेष आणि त्यांची संग्रहालये : वडगाव, ब्रह्मपुरी व सन्नती

प्रस्तावना

बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर हे विणकरांचे व व्यापाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. स्वातंत्र्यापूर्वी ते सांगली संस्थानात होते, तर अगदी शेजारचे बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि दोन्ही म्हैसूर राज्यात गेली. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. एका पिढीच्या हयातीत इतके बदल पाहिलेल्या या भागात इतिहासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न मालकीचा येतो. हे देऊळ कोणाचे, हा लेख कोणत्या भाषेचा, हा राजा मराठी की कन्नड, असे विचारले जाते. त्या वस्तूवर काय लिहिले आहे, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

बेळगावचा किल्ला पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच तटाच्या आत कमल बस्ती हे जैन मंदिर आणि साफा मशीद या दोन्ही वास्तू दिसतात. हिंदू, जैन व मुस्लिम कालखंडांची अशी उभी स्मारके या भागात पुष्कळ आहेत. बौद्ध कालखंडाचे तसे नाही. तो जमिनीखाली आहे, डोंगरातील लेण्यांत आहे आणि संग्रहालयांच्या कपाटांत आहे. म्हणून सीमाभागातील विद्यार्थ्याला हा कालखंड समजून घ्यायचा असेल तर त्याला संग्रहालय पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. निपाणीच्या वाटेवरील कोल्हापूर आणि त्याच राज्यातील गुलबर्गा ही त्यासाठी दोन महत्त्वाची ठिकाणे होत. या दोन्ही ठिकाणच्या अवशेषांचा, आणि ते आजपर्यंत कसे टिकले याचा, येथे विचार करावयाचा आहे.

शहापूरच्या शेजारचे प्राचीन नगर

सुरुवात घराजवळून करणे योग्य होईल. शहापूरला लागूनच वडगाव आहे. वडगाव-माधवपूर या परिसरात १९७० च्या दशकात धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या वतीने डॉ. अ. सुंदर यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. सातवाहन काळातील एक भरभराटीचे नगर तेथे उजेडात आले. विटांची बांधकामे, मातीची भांडी, नाणी अशा वस्तूंबरोबर ब्राह्मी लिपीत कोरलेला एक प्राकृत लेखही मिळाला. वाजपेयादी यज्ञ करणाऱ्या काश्यप गोत्री ब्राह्मणाची त्यात नोंद आहे.

हा लेख वैदिक परंपरेचा आहे, बौद्ध नव्हे. तरीही तो येथे महत्त्वाचा ठरतो. यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणाने आपली नोंद प्राकृतात केली आणि त्याच काळात स्तूपांना दान देणाऱ्या बौद्ध उपासकांनीही आपली दाने प्राकृतातच नोंदवली. लिपी तीच, भाषा तीच, श्रद्धा मात्र वेगवेगळ्या. ही प्राकृत आजच्या मराठीला जवळची असली तरी ती मराठी नव्हे. ती कन्नडही नव्हे. आजच्या भाषिक वादातील कोणत्याही पक्षाला हा दगड आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही.

ब्रह्मपुरी : एका टेकडीचे थर

बेळगावहून संकेश्वर, निपाणी असा महामार्गाने सुमारे ११० किलोमीटरचा प्रवास केला की कोल्हापूर येते. तेथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. या टेकडीकडे विद्वानांचे लक्ष १८७७ च्या सुमारास वेधले गेले. तेथे जुन्या स्तूपाचे अवशेष, धातूकरंडक आणि शिशाची नाणी सापडली. धातूकरंडक म्हणजे बुद्धाचे किंवा थोर भिक्षूंचे अस्थी-अवशेष ठेवण्याची पेटी. या करंडकाच्या दगडी पेटीवर ब्राह्मी अक्षरांत एक छोटा लेख कोरलेला होता. हे दान बम्ह नावाच्या व्यक्तीचे असून ते धमगुत नावाच्या व्यक्तीने करविले, एवढाच त्याचा आशय आहे. राजाचे नाव नाही, पदवी नाही, वंशावळ नाही. फक्त दान देणारा आणि ते काम पार पाडणारा, अशी दोन माणसे दोन हजार वर्षांनंतर नावानिशी उरली आहेत.

नाण्यांवर मात्र राजांची नावे आहेत. विळिवायकुर आणि सिवलकुर अशी ती नावे असून त्यांच्या आधी वासिठीपुत, माढरिपुत, गोतमिपुत अशी मातृनामे येतात. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने 'बलेओकुरोस' या राजाचा उल्लेख केला आहे. तो या विळिवायकुराशी जुळतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या विद्वानांनी या नाण्यांचा अभ्यास केला, त्यामुळे दख्खनच्या प्राचीन इतिहासात कोल्हापूरचे स्थान निश्चित झाले.

पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी ब्रह्मपुरीचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या उत्खननाचे मोठेपण असे की त्यात एकाच काळाच्या वस्तू शोधल्या नाहीत, तर टेकडीचे थर एकामागून एक वाचले गेले. तळाशी सातवाहन काळातील विटांची घरे, त्यानंतर शिलाहार काळ आणि त्याच्या वर बहमनी काळाची वस्ती असा तो क्रम आहे. बहमनी थरात सापडलेल्या रंगीत काचेच्या बांगड्या या विषयाच्या अभ्यासकांना चांगल्या परिचयाच्या आहेत. कोणत्याही थरातील माणसांनी आधीच्या वस्तीचा पुरावा मुद्दाम जपला असे नाही. त्यांनी तेथे घरे बांधली, चुली पेटवल्या, बांगड्या फुटल्या आणि खालची माती आपोआप झाकली गेली. त्या झाकण्यामुळेच ती टिकली.

ब्रह्मपुरीच्या वस्तू आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहावयास मिळतात. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेल्या या इमारतीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा होता. येथील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची काशाची लहानशी मूर्ती. रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती पंचगंगेच्या काठी येऊन पोहोचली. हत्तीवर बसलेल्या स्वारांचे काशाचे शिल्पही पाहण्यासारखे आहे. याच इमारतीत कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रेही आहेत. १९३१ मध्ये निधन पावलेल्या या चित्रकाराने कोल्हापूरच्या निसर्गाला रंगरूप दिले. ग्रीक देवता, सातवाहनांची नाणी आणि आबालाल यांचे रंग एका छताखाली पाहणाऱ्याला कोल्हापूर कोणा एकाचे आहे असे म्हणणे कठीण जाते.

दानलेखांतील माणसे

धमगुत आणि बम्ह यांच्यासारखी साधी माणसे इतर ठिकाणच्या लेखांतही भेटतात. मध्य प्रदेशातील भारहुतच्या स्तूपावर 'करहाकट' नगराने दिलेल्या दानाची नोंद आहे. करहाकट म्हणजे कोल्हापूरच्या उत्तरेचे कराड, असे मानले जाते. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आजही आहे. कृष्णेकाठच्या एका गावाने शेकडो मैलांवरच्या स्तूपाला दान पाठवले, ही गोष्ट लहान नाही.

याहून बोलके उदाहरण कार्ले लेण्याचे आहे. लोणावळ्याजवळच्या या चैत्यगृहातील एका लेखात ते वेजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केल्याची नोंद आहे. वेजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी. महाराष्ट्राचा अभिमान समजले जाणारे हे लेणे बनवासीच्या व्यापाऱ्याच्या पैशाने सजले. त्याच लेण्यातील अनेक खांब धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे परदेशी वंशाच्या माणसांनी, दान केले आहेत. बनवासीहून कार्ल्यापर्यंत जाणाऱ्या त्या श्रेष्ठीच्या वाटेवर कोठेही सीमेचा दगड नव्हता. व्यापाराची वाट, भिक्षूंचे विहार आणि दानाचा व्यवहार हे तिन्ही एकमेकांच्या आधाराने चालत होते. बौद्ध अवशेष घाटवाटांच्या आणि नद्यांच्या काठाने सापडतात, त्याचे कारण हेच होय.

घुमटाखालील शिल्पे आणि सन्नतीचा लेख

कर्नाटकातील बौद्ध अवशेषांचे सर्वांत मोठे स्थान गुलबर्गा जिल्ह्यात भीमा नदीच्या काठी सन्नती येथे आहे. २०१४ पासून या जिल्ह्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले आहे. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी सल्तनतीची ही पहिली राजधानी. या शहरातील शासकीय संग्रहालय जुन्या घुमटांच्या इमारतींत आहे आणि सन्नती परिसरातून आणलेली सातवाहनकालीन बौद्ध शिल्पे तेथे ठेवलेली आहेत. मुसलमानी बांधणीच्या घुमटाखाली स्तूपाचे शिल्पपट उभे आहेत, हे दृश्य ज्याला दख्खनचा इतिहास थोडक्यात पाहायचा आहे त्याने अवश्य पाहावे.

सन्नतीचे नाव जगभर झाले ते १९८६ मध्ये. तेथील चंद्रलांबा देवीच्या मंदिर परिसरातील कालिकेच्या मंदिराचे छत कोसळले. मूर्ती हलवताना तिच्या खालच्या शिळेवर अक्षरे दिसली. ती ब्राह्मी लिपीतील होती आणि लेख सम्राट अशोकाचा होता. शिळेवर बारावी व चौदावी आज्ञा आणि ओडिशातील धौली व जौगड येथेच पूर्वी माहीत असलेल्या दोन स्वतंत्र आज्ञा आढळल्या. मूर्ती बसवण्यासाठी शिळेला मधोमध भोक पाडलेले होते, त्यामुळे काही अक्षरे कायमची गेली. परंतु ती शिळा देवीच्या पायाशी आली नसती तर घराच्या पायात किंवा नदीच्या घाटात गेली असती, असेही म्हणता येते. तिला इजाही भाविकांच्या हातून झाली आणि तिचे रक्षणही त्यांच्याच श्रद्धेने झाले.

या शिळेवरील बारावी आज्ञा विशेष लक्ष देण्यासारखी आहे. अशोक तीत सर्व पंथांचा आदर करतो, हे तर आहेच. पण तो त्यापुढे जाऊन एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. पंथांची खरी वाढ दानाने किंवा मानाने होत नाही, ती त्यांतील सार वाढल्याने होते. आणि त्या वाढीचे मूळ वाणीच्या संयमात आहे. अकारण आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा माणूस आपल्याच पंथाचे नुकसान करतो, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणून एकमेकांचा धर्म ऐकून घ्यावा व बहुश्रुत व्हावे, असा त्याचा आग्रह आहे. येथे केवळ सहन करणे सांगितलेले नाही, जाणून घेणे सांगितले आहे. कलिंगच्या युद्धात माणसांच्या संहाराने अस्वस्थ झालेल्या राजाचे हे शब्द असल्यामुळे त्यांना वजन आहे.

सन्नतीजवळच कनगनहळ्ळी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९० च्या दशकात उत्खनन केले. चुनखडी दगडाच्या शिल्पपटांनी मढवलेला एक विशाल स्तूप तेथे सापडला. लेखांत त्याचे नाव 'अधोलोक महाचैत्य' असे येते. त्यातील एका पटावर राजा, राण्या व सेविका कोरल्या असून वर 'रायो असोको' अशी अक्षरे आहेत. अशोकाचे नाव स्पष्ट लिहिलेले असे शिल्प मिळणे ही असामान्य घटना होती. सातवाहन राजांची नावासह शिल्पेही तेथे आहेत.

मुस्लिम विद्वान आणि बौद्ध वारसा

मुस्लिम विद्यार्थ्याने बौद्ध शिल्पे का अभ्यासावीत, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर मुस्लिम विद्येच्या इतिहासातच आहे. अब्बासी खिलाफतीत हारून रशीदचे वजीर असलेले बरमकी घराणे मूळचे बल्ख येथील 'नौबहार'चे, म्हणजे नवविहार या बौद्ध मठाचे, प्रमुख होते. याच घराण्यातील याह्या बिन खालिद याने वनौषधी आणण्यासाठी आणि तेथील धर्मांची माहिती लिहून आणण्यासाठी हिंदुस्थानात माणूस पाठवल्याची नोंद इब्न नदीमच्या दहाव्या शतकातील 'अल-फिहरिस्त' या ग्रंथात आहे. अल-बिरुनीने तर बौद्धांचा मूळ ग्रंथ किंवा समजावून सांगणारा माणूस आपल्याला मिळाला नाही, हे प्रांजळपणे नमूद केले. उर्दू शायरीत ठायी ठायी येणारा 'बुत' हा फार्सी शब्ददेखील 'बुद्ध' या नावापासून आला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

आधुनिक काळात ही परंपरा अधिक ठोस झाली. सांचीचा स्तूप भोपाळ संस्थानात होता. सर जॉन मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात त्याची दुरुस्ती केली, तेव्हा नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी त्या कामाला व तेथील संग्रहालयाला आर्थिक पाठबळ दिले. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. हे गृहस्थ अरबी-फार्सीचे पंडित होते आणि फार्सी-अरबी शिलालेखांच्या नियतकालिकाचे संपादक होते. त्यांच्याच काळात अजिंठ्याची भित्तिचित्रे वाचवण्यासाठी १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावण्यात आले. यझदानींनी अजिंठ्यावर लिहिलेला चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. बुद्धाच्या जातककथा भिंतीवर ओळखणारा हा विद्वान आपल्या धर्मात पक्का होता आणि आपल्या कामातही पक्का होता. या दोहोंत त्याला विरोध वाटला नाही.

या प्रकाशात मार्च २००१ मधील बामियानची घटना पाहिली पाहिजे. अफगाणिस्तानात तालिबानने तेथील दोन प्रचंड बुद्धमूर्ती सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. तो भाग शतकानुशतके मुस्लिम राजवटीत होता आणि तरी त्या मूर्ती उभ्या होत्या, ही वस्तुस्थिती विसरता येणार नाही. त्या वाचवण्यासाठी इजिप्तचे मुफ्ती नस्र फरीद वासिल व शेख युसूफ अल-करदावी यांच्यासह उलेमांचे शिष्टमंडळ कंदाहारला गेले होते. ते यशस्वी झाले नाही. पण मुस्लिम समाजाने कोणाचा वारसा सांगावा, यझदानींचा की सुरुंग लावणाऱ्यांचा, याचा निर्णय अशा वेळी करावाच लागतो.

संग्रहालय कसे पाहावे

पुष्कळ शाळांच्या सहली संग्रहालयात अर्ध्या तासात आटोपतात. तलवारी आणि तोफा पाहिल्या जातात, फुटक्या खापरांच्या कपाटासमोर कोणी थांबत नाही. शिक्षकांनी तीन प्रश्न आधी देऊन ठेवावेत. ही वस्तू कोठे आणि कोणत्या थरात सापडली? ती कोणी दिली किंवा बनवली? ती आजपर्यंत कोणामुळे टिकली? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरात बहुधा दुसऱ्याच श्रद्धेचा माणूस सापडतो.

आणखी एक भान ठेवले पाहिजे. या वस्तू मेलेल्या धर्माच्या नाहीत. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीच्या बहिष्कृत परिषदेस आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सीमाभागातील अनेक कुटुंबांसाठी धातूकरंडक ही कपाटातील जुनी पेटी नसून श्रद्धेची वस्तू आहे. १८९८ मध्ये पिप्रहवा येथे सापडलेल्या अवशेषांबरोबरची रत्ने २०२५ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात निघाली, तेव्हा बौद्ध जगातून आणि भारत सरकारकडून तीव्र हरकत घेतली गेली. लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. शेजाऱ्याच्या श्रद्धेची वस्तू कशी हाताळावी, हा प्रश्न म्हणजे केवळ इतिहासाचा नाही.

समारोप

वडगावचा लेख, ब्रह्मपुरीचा करंडक आणि सन्नतीची शिळा या तिन्हींची भाषा प्राकृत आहे. ती आज कोणाच्याही घरात बोलली जात नाही, आणि म्हणूनच ती वाचायला सर्वांना सारखेच कष्ट पडतात. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले या अक्षरांसमोर एकाच पायरीवर उभी राहतात. वडगाव-शहापूरच्या वाढत्या वस्तीत पाया खणताना आजही जुनी वीट, खापर किंवा नाणे निघू शकते. असे काही मिळाले तर ते पुरातत्त्व खात्याला कळवावे, एवढी साधी गोष्ट जरी प्रत्येक शाळेतून मुलांपर्यंत पोहोचली, तरी या इतिहासाचे मोठे काम होईल. राजाने कोरवलेल्या आज्ञेतील अक्षरेही झिजली. पण बम्ह आणि धमगुत यांची नावे वाचता आली, कारण कोणीतरी फावडे थांबवून ती पेटी उचलली.